रामटेके काकांचा राउंड

रामटेके काका रोज तीन वेळा तळघरात कपडा धुवायला येतात. कपडे नव्हे, कपडा. सकाळी सहाला हातपुसणं, दुपारी एक पायमोजा, संध्याकाळी उशीचा अभ्रा. वॉशिंग मशीन त्यांच्या घराच्या तळघरात आहे आणि तळघरात आम्ही दोघं विद्यार्थी भाड्यानं राहतो, त्यामुळे हा सोहळा आमच्या डोळ्यांदेखत चालतो. ते मशीनचं झाकण उघडतात, कपडा आत टाकतात, झाकण लावतात आणि मशीन सुरू न करताच परत निघतात. जाताना भिंतीवरच्या थर्मोस्टॅटसमोर थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात, काचेला जवळजवळ नाक टेकवून आकडा वाचतात आणि तो पेनानं तळहातावर लिहून घेतात. मग "बरं" म्हणून वर जातात.

याला ते राउंड म्हणतात. तीस वर्षं ते एका मोटारीच्या कारखान्यात मीटर आणि गेज, म्हणजे दाब-तापमानाची मापकं, तपासायच्या खात्यात इंजिनियर होते. तिथे दर पाळीला फिरून सगळे आकडे टिपून आणावे लागत. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, राउंड सुटला नाही, अशी आमची समजूत होती.

काका मूळचे नागपूरचे. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, आमच्या विद्यापीठाच्या बसच्या रस्त्यावर त्यांचं घर आहे. वर ते एकटेच असतात. काकू दूर हर्नडनला मुलीच्या जुळ्या बाळांसाठी दोन महिने म्हणून गेल्या, त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जुळी आहेत ना बाबू. डबल टाइम लागते."

"मग चार महिने झाले असते, काका."

"मी तुला सोपं करून सांगून राहिलो," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

त्यांचं पेटंट वाक्य म्हणजे, "कन्फर्म केलं का?" बाहेर बर्फ पडतोय म्हटलं तरी हेच विचारतात आणि स्वतः दार उघडून, हात बाहेर काढून कन्फर्म करतात. अनिकेत, माझा पुण्याचा रूममेट, पहिल्या दिवशी म्हणाला होता, "काका, मी व्हेजिटेरियन आहे." त्यालाही काकांनी तेच विचारलं. तो बिचारा दोन दिवस विचारात पडला होता.

मी मेकॅनिकलमध्ये पीएच.डी. करतो. विषय, उष्णतेचं वहन. हे मुद्दाम सांगतोय. पुढे माझी जी शोभा होणार आहे, तिची खोली वाचकांना नीट कळावी.

तर थर्मोस्टॅट. घर किती गरम ठेवायचं हे फर्नेसला, म्हणजे तळघरातल्या गॅसच्या भट्टीला, सांगणारी ही भिंतीवरची डबी. आमची डबी जुनी, गोल, दोन काट्यांची होती. एक काटा आपण फिरवायचा, तो आपल्याला हवं ते तापमान दाखवतो. दुसरा आपोआप फिरतो, तो खोलीत खरोखर असलेलं तापमान दाखवतो. दोन्ही जुळले की सुख. इतकं साधं यंत्र, पण आमचं वेडं होतं. काटा सत्तर फॅरनहाइटवर नेला की कधी पाच मिनिटांत फर्नेस घरघरायची, तर कधी तीन तास हूं की चूं नाही. सकाळी मात्र सहा वाजून दहा मिनिटांनी हमखास चालू व्हायची. रविवारी काका विहारात वंदनेला जात, ते परत येईपर्यंत तर काटा कुठेही फिरवा, ढिम्म.

मी यावर अभ्यास केला. दोन महिने आकडे टिपले, आलेख काढला, फ्रिजवर चिकटवला. जुन्या भिंती उष्णता शोषून उशिरा सोडतात, असा सिद्धान्त मांडला. रविवार त्यात बसेना, म्हणून रविवारचे आकडे वगळले. संशोधनात असं करू नये हे मला माहीत आहे.

काकांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला. "जुनं घर आहे बाबू," ते म्हणाले. "त्याले समजाले टाइम लागते."

कन्फर्म केलं का, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

एकदा अनिकेतनं गंमत म्हणून काटा ऐंशीवर नेऊन ठेवला. दुपारी मी बसमधून उतरलो, तर काका बनियन आणि हाफ पँटवर अंगणातल्या बर्फात उभे. घराच्या वरच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या.

"काका, काय झालं?"

"व्यायाम," काका घाम पुसत म्हणाले.

तळघरात शिरलो, तर झकास ऊब होती. मी आलेखावर एक ठिपका वाढवला.

काकांच्या राउंडचा अर्थ आम्ही आमच्या परीनं लावला होता. म्हातारा चिक्कू आहे, गॅस किती जळतो यावर पाळत ठेवतो. "लिटरली चष्मा घातलेला सीसीटीव्ही आहे यार," अनिकेत म्हणायचा आणि मी मोठ्यानं हसायचो. आज ते हसणं आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मग माझ्या आईचं यायचं ठरलं. पहिलाच परदेश प्रवास, तोही ऐन जानेवारीत, कारण शाळेतून तिला तेव्हाच रजा मिळत होती. नाशिकच्या थंडीतही तिचे गुडघे धरतात. इथे पहाटे खोली गार पडली, तर ती पलंगावरून उठू शकणार नव्हती, आणि आमच्या डबीच्या लहरीवर तिचे गुडघे सोडायची माझी तयारी नव्हती. मी फोनवरून चालणारा नवा थर्मोस्टॅट मागवला आणि काकांची परवानगी मागायला वर गेलो.

"काहून बदलतो?" काका एकदम उभेच राहिले. "चालून राहिलं ना?"

"आई येतेय काका. पहाटे ऊब पाहिजे."

"मी आहे ना," काका म्हणाले, आणि मग घाईघाईनं, "म्हणजे, फर्नेस आहे ना."

त्यानंतर रोज नवी अडचण निघू लागली. आधी मेन स्विच बंद करा लागते. मग जुन्या वायरींचा फोटो काढा लागते. मग सी वायर. नव्या थर्मोस्टॅटला सतत वीज लागते, ती आणणारी ही जादा वायर. "सी वायर आहे का तिथं? कन्फर्म केलं का?" डबी उघडल्याशिवाय कन्फर्म कसं करणार, असं मी विचारलं, की ते म्हणत, "म्हणूनच उघडू नको."

आई यायला आठ दिवस उरले. रविवारी काका विहारात गेले आणि मी स्क्रू ड्रायव्हर काढला. त्यांनी सांगितलेलं सगळं केलं. फर्नेसचा स्विच बंद केला. फोटोसाठी फोन सरसावला. कोणती वायर कुठे होती हे कळावं म्हणून नव्या खोक्यातली अक्षरांची चिमुकली लेबलं टेबलावर ओळीनं मांडली. मग दोन स्क्रू काढून डबी अलगद उचलली.

मागे भिंत होती.

वायर नाही. तुटलेली नाही, सैल नाही, मुळात नाहीच. वायर यायला भोकसुद्धा नाही. मी हात फिरवून पाहिला, टॉर्च मारली, अनिकेतला हाक मारली. त्यानं भिंत पाहिली, डबीच्या पाठीमागे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे दोन वर्षं आपण काय फिरवत होतो?"

मी फर्नेसपाशी जाऊन तिची वायर शोधली. ती छतातून सरळ वर, काकांच्या हॉलमध्ये गेली होती. आमच्याकडे फाटा नव्हताच. घरात थर्मोस्टॅट एकच होता आणि तो वर होता. मग आमचा काटा फिरला की ऊब यायची ती कुठून? मी उष्णतेच्या वहनाचा जवळजवळ डॉक्टर, माझं डोकं पार बंद पडलं.

काही न सुचून डबी होती तशी लावली, फर्नेसचा स्विच चालू केला, काटा चौऱ्याहत्तरवर ठेवला आणि बसून राहिलो. चारला काका विहारातून परतले आणि खाली आले. एक रुमाल मशीनमध्ये टाकला. डबीसमोर वाकले, आकडा तळहातावर लिहिला, "बरं" म्हणाले आणि वर गेले. वर हॉलमध्ये पावलं वाजली, थांबली, आणि फर्नेस घरघरली.

मी जिना चढून वर गेलो. काका हॉलमधल्या थर्मोस्टॅटपाशी तळहात धरून उभे होते. वर भट्टी पेटल्यासारखं होत होतं. तळघरात चौऱ्याहत्तर यायचे तर वर किती व्हावे लागतील, हे तरी मला कळायला हवं होतं.

"उघडलं तू," ते म्हणाले.

"हो काका."

ते खुर्चीत बसले आणि सांगू लागले. आमच्या आधीचे भाडेकरू ऊब जास्त-कमी यावरून एकमेकांशी आणि काकांशी रोज भांडत. म्हणून काकांनी वर नवा थर्मोस्टॅट बसवला आणि तिथली जुनी डबी नुसतीच खाली ठोकली. भांडण त्याच दिवशी बंद झालं. भाडेकरू म्हणाले, आता कसं छान वाटतंय.

"पण मला झोप येईना बाबू. रोज वंदनेत चौथं शील घेतो, खोटं बोलणार नाही म्हणून. आन घरात हे भिंतीवर खोटं टांगलेलं. मंग मी ठरवलं, डबी खोटी तर खोटी, तिच्यावरचा आकडा खोटा पडू द्यायचा नाही. तुम्ही लावाल तो खाली येऊन पाहायचा, आन वर येऊन लावायचा."

"पण काका, सरळ वायर ओढायची ना! तुम्हाला तर डोळे मिटून जमलं असतं."

काका उठले. कपाटाकडे गेले आणि वायरचं भेंडोळं काढून माझ्यासमोर ठेवलं. पाचही वायरी असलेली, चांगल्या प्रतीची केबल. वरचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं.

"तुम्ही आले त्या पहिल्याच हिवाळ्यात आणली," ते म्हणाले. "दहा डाव ओढायले घेतली. ओढली की मंग मी खाली कशाले येऊ?"

मी भेंडोळं हातात घेतलं. वर गरम फार होत होतं. नवा थर्मोस्टॅट परत करतो, असं मी म्हणालो. ते त्यांना अजिबात पटलं नाही. "तुझ्या आईचे गुडघे आहेत ते. माझ्या राउंडच्या भरवशावर ठेवतो का?" त्यांनी त्याच संध्याकाळी फर्नेसपासून केबल ओढली, आमची डबी काढली आणि त्या भिंतीवर माझा नवा, खरा थर्मोस्टॅट बसवला. इतकं सफाईदार काम मी आमच्या लॅबमध्येही पाहिलेलं नाही. शेवटचा स्क्रू आवळून त्यांनी विचारलं, "सी वायर कन्फर्म केली का?" मी हो म्हणालो. ते वर गेले.

आई आली. पहिल्या सकाळी खोली ठरल्या वेळेला उबदार, दुसऱ्या सकाळीही. गुडघ्यांची तक्रार नाही. आणि काका चार दिवसांत एकदाही खाली आले नाहीत. मी दोनदा फोन केला, तर म्हणाले, कामात आहे. पाचव्या दिवशी भाकऱ्या थापता थापता आईनं विचारलं, "वर खरंच कोणी राहतं का रे? नुसती पावलंच ऐकू येतात. दिवसभर इकडून तिकडे."

मी तसाच वर गेलो आणि दार वाजवलं.

"जय भीम, काका."

"जय भीम. काय झालं? बंद पडलं का?"

"नाही, चालू आहे."

"मंग सी वायर सैल झाली असन. थांब, मी..."

"काका, काहीच बिघडलेलं नाही. आई म्हणते, जेवायला खाली या."

काका माझ्याकडे बघत राहिले. एखादं गेज न समजणारा आकडा दाखवायला लागलं तर ते असेच बघत असावेत.

"काहीच बिघडलं नाही?"

"काहीच नाही."

"थांब मंग," ते म्हणाले, "शर्ट बदलून येतो."

मी दारातच थांबलो. आतून कपाटाचं दार उघडल्या-मिटल्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता.