जावईबापूंची नवी डिस्क

सासरेबुवांच्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमधली जागा संपत आली होती आणि जावईबापूंच्या अंगात कॉम्प्युटरतज्ज्ञ संचारला होता. ऑफिसात त्यांचं काम पत्रं टाइप करण्याचं, पण सासरी काय, वासरांत लंगडी गाय शहाणी. सासरेबुवा जुने घड्याळजी. घड्याळदुरुस्तीवर नऊ वर्षं खपून त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं आणि ते आज पाचला प्रकाशकाकडे जायचं होतं.

"दोन मिनिटांचं काम, बाबा," म्हणत जावयाने नवी डिस्क बसवली. ती कुठल्या फोल्डरात उघडायची, हे लिनक्सच्या एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. बाबांचं पुस्तक ज्यात होतं, त्याच फोल्डरचं नाव जावयाने ऐटीत लिहिलं, ‘पुस्तक’. म्हणजे बाबांच्या पुस्तकाला ऐसपैस जागा! मशीन पुन्हा सुरू करून त्याने फोल्डर उघडलं. आत पुस्तक नव्हतं. ‘हरवले-सापडले’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचं एकच फोल्डर होतं आणि त्यातही काही सापडलं नाही.

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. त्या कोरड्या तोंडातून नको ते निघून गेलं.

"बाबा, याला कुणी हात लावला होता का?"

सासरेबुवा मटकन खाली बसले. "काल मी कळफलकातली धूळ उडवली हो. घड्याळाच्या रबरी फुंकणीनं. तेवढ्यानं जातं?"

‘नाही’ एवढा एक शब्द पुरला असता. जावई म्हणाला, "सांगता येत नाही."

"नऊ वर्षं! आणि शेवटी मीच..." म्हाताऱ्याने ती फुंकणी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गॅलरीत सटकला आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या मॅडमना त्याने फोन लावून झाला प्रकार सांगितला.

"फोल्डरमधलं आधी नव्या डिस्कवर कॉपी केलं होतंत?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग भरल्या टेबलावर चादर अंथरलीत तुम्ही. सामान खाली आहे तसंच आहे. फाइलीत घातलेली ती ओळ काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. अहो, आठवड्याला पासवर्ड विसरता तुम्ही! सासऱ्यांच्या मशीनला हात लावायला सांगितलं कुणी?"

फोन ठेवून तो वळला, तर वाळत घातलेल्या कपड्यांआड बायको उभी. तिने सगळं ऐकलं होतं. तेच जास्त लागलं.

ओळ काढली आणि पुस्तक पानन् पान हजर झालं. सासरेबुवांनी जावयाचे दोन्ही हात घट्ट धरले. आता मात्र त्याला राहवेना.

"बाबा, फुंकणीनं काही झालं नव्हतं. मीच पुस्तकावर डिस्क चढवली आणि दोष तुमच्यावर जाऊ दिला. लाज वाटते मला."

सासरेबुवा मुलीकडे वळले. "ऐकलंस गं? माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतायत! असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

"अहो, खरंच सांगतो..."

"पुरे! बसा इथं. पाचच्या आत पहिल्या पानावर एक ओळ घाला. लिहा, माझ्या निष्काळजीपणातून हे पुस्तक वाचवणाऱ्या निगर्वी जावईबापूंना अर्पण."

जावयाने केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं.

"करा टाइप," ती म्हणाली. "आणि ‘निगर्वी’ जरा ठळक करा."