चौकातलं कापड

वाटीचं झाकण ओट्यावरून पडलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. मी श्वास रोखून धरला. वाघानं झोपेतच कूस बदलली, एक पाय माझ्या कागदावर टाकला आणि पुन्हा घोरायला लागला. पाय तसाच ठेवून मी उरलेल्या जागेत इतिहास लिहू लागले.

मेलेल्या माणसांचं एक बरं असतं. त्यांना काहीही म्हणा, ती नको म्हणायला येत नाहीत. समस्त इतिहासविद्या या सोयीवर उभी आहे.

आमच्या चौकात हाडवैद्यांचा पुतळा बसवायचं ठरलं आणि पाटीवरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. या माणसानं उभा जन्म गावाची मोडलेली हाडं बसवण्यात घालवला. कपडे पुरुषाचे, आवाज खर्जातला, सगळे दादा म्हणायचे. दादा गेले तेव्हा अंघोळ घालणाऱ्यांच्या लक्षात आलं की त्यांचं शरीर बाईचं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं, काम उरकलं आणि बाहेर येऊन 'दादा गेले' एवढंच सांगितलं. (त्या मागासलेल्या काळात समित्या नव्हत्या.)

आता समिती आहे. अध्यक्ष, दोन इतिहासतज्ज्ञ आणि अडचण येऊ नये म्हणून एक वकील. मी लिहून नेलं होतं, 'हाडवैद्य दादा. यांनी गावाला उभं केलं.' पहिले तज्ज्ञ म्हणाले, 'दादा'चं 'ताई' करा, सत्य ते सत्य. दुसरे म्हणाले, 'ताई' म्हणणं हा अन्याय आहे, पण 'दादा' म्हणायला पुरावा लागेल.

पुरावा आमच्या शेजारीच राहतो. शेजारच्या आजींचा लहानपणी मोडलेला हात दादांनी बसवला होता. मी आजींना समितीपुढे नेलं.

"दुसऱ्या कशानंही हाक मारली तर वळून बघायचे नाहीत," आजी म्हणाल्या. "दादा म्हटलं की लगेच ओ. आता पाटीवर तेवढं लिहा, म्हणजे मी डोळे मिटायला मोकळी."

वकिलांनी ही साक्ष फेटाळली. हे तर खुद्द दादांचंच मत झालं, आणि माणूस स्वतःच्या बाबतीत निःपक्षपाती असूच शकत नाही. मुद्दा बिनतोड होता. आजींना चहा देण्यात आला.

मग एकमतानं काम भराभर पुढे सरकलं. वाद नको म्हणून 'दादा' काढलं. 'यांनी' म्हणजे नेमकं कुणी, असं कुणीतरी विचारेल म्हणून तेही काढलं. गावाला उभं केलं म्हणावं तर आधी गाव पडलं होतं असा अर्थ निघतो. शेवटी पाटीवर 'येथे हाडे बसवली जात' एवढं उरलं आणि ते कुणालाच लागण्यासारखं नव्हतं. राहता राहिला पुतळा. त्याच्या खांद्यांच्या रुंदीवर दोन्ही तज्ज्ञांचा परस्परविरोधी आक्षेप होता. म्हणून अंतिम निर्णय होईपर्यंत त्याच्यावरचं कापड तसंच ठेवून अनावरण फक्त पाटीचं करावं असं ठरलं. कापड उत्तम प्रतीचं घेतलं आहे. दरवर्षी बदलायची तरतूदही आहे.

हे सगळं पाहून मला माझ्या घरच्या कारभाराची लाज वाटली. गेल्या महिन्यापासून माझं पाच वर्षांचं मूल वाघ आहे. वाघ म्हटल्याशिवाय ते जेवत नाही. मी ना पुरावा मागितला, ना तज्ज्ञ बोलावले. 'वाघोबा, आ करा' म्हटलं आणि घास गेला. (वाघ मुलगा आहे की मुलगी, हे तुम्ही मघापासून चाचपत असाल, तर समितीत एक जागा रिकामी आहे.)

अनावरण थाटात झालं. सगळे वक्ते 'थोर व्यक्तिमत्त्व' म्हणाले, टाळ्या पडल्या, खुर्च्या उचलल्या गेल्या. आजी तेवढ्या थांबल्या होत्या. काठी टेकत त्या पुतळ्यापाशी गेल्या, बसवलेला हात त्यांनी कापडावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "दादा."

मग ओ यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ उभ्या राहिल्या.

वाघानं माझं बोट ओढलं.

"आई, ते आतून ओ देत असतील, तर आपल्याला ऐकू येईल का?"