सतरा नंबरचा फोटो

आमचे शेजारी बबननाना विचारल्याबरोबर उत्तर देत नाहीत. आधी मनात बारा मात्रा मोजतात, मग बोलतात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे, सरासरी नऊ सेकंद लागतात. "नाना, चहा घेणार?" म्हटलं की बोटं मांडीवर चालू होतात, आवर्तन पुरं होतं आणि मग उत्तर येतं, "घेतो की." तोवर चहावर साय धरलेली असते.

"समेवर न्हाई आलं ते बोलनं न्हाई, दिलपा. नुस्ती बडबड," हे त्यांचं म्हणणं.

नाना मुळशीच्या भजनात चाळीस वर्षं पखवाज वाजवत. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. ती कणीक नानी मळायच्या आणि थापायच्याही त्याच; वाजवून झालं की नाना ती खरवडून काढत. नानी पौषात गेल्या. नानांनी पखवाज गवसणीत घातला आणि मोबाईल हातात घेतला.

मग सुरू झाले फोटो. गंजलेला पत्रा, धरणाच्या पाण्यावरचा तवंग, चिखल. सगळं इतक्या जवळून की काय आहे ते कळू नये. त्यांच्या खोलीत भाड्यानं राहिलेल्या एका चित्रकार बाईंनी, "याला अमूर्त म्हणतात, प्रदर्शन भरवा," असं सांगितलं. नानांनी भातगिरणीची शेड मागून घेतली, दोऱ्या बांधल्या आणि चिमटे लावून एकवीस फोटो टांगले. पैकी वरची बाजू कुठली हे मला फक्त दोन फोटोंचं सांगता आलं.

"उलटा टांगलास तरी चिखल चिखलच ऱ्हातो," नाना म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सतरा नंबरचा कुनी वळखला तर मला सांग. येक जन तरी वळखील."

प्रदर्शनाचे दोन्ही दिवस मी दारात वही घेऊन बसलो. एकूण त्रेसष्ट माणसं आली. सतरा नंबरमध्ये पांढुरकी, भेगाळलेली जमीन दिसत होती आणि तीन खळगे होते. पहिल्या दोन खळग्यांतलं अंतर दुसऱ्या-तिसऱ्यातल्या अंतराच्या दुप्पट. मी चंद्र सांगितला.

बारा मात्रांनी उत्तर आलं, "मोजमाप बराबर. उत्तर चुकलं."

जमिनीचे व्यवहार करणारा संतोष त्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. "नाना, हा प्लॉट कुटला? तीन बोअर मारल्यात, पर रस्ता कुटं दिसंना."

नानांनी बारा मोजले. "संतोष, हितनं बाहेर जायला रस्ता हाय. तो बघ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकानंही ओळखला नाही. नानांची मांडीवरची बोटंसुद्धा थांबली होती. शेवटी ते उठले आणि चिमटे काढायला लागले.

तेवढ्यात माझी बायको सुनंदा मला जेवायला बोलवायला आली. फोटोंशी तिला काही देणंघेणं नव्हतं, पण सतरा नंबरपाशी थबकली.

"ही कणीक आहे ना? वाळलेली?" ती आणखी जवळ गेली. "आणि ही नानींची बोटं. मधलं बोट भातकापणीत विळ्यानं अर्धं गेलं होतं, ते उठलंच नाही बघा. नाना, शेवटची कणीक तुम्ही खरवडली नाहीत?"

नानांच्या हातात चिमटा तसाच राहिला. सवयीनं मी मोजायला लागलो. एक...

"न्हाई गं पोरी," नाना म्हणाले.

माझं अजून दोनसुद्धा झालं नव्हतं.