आरोपीच्या शेजारचा माणूस

न्यायालयात एकट्याने उभे राहणे हा गुन्हा नाही. तो फक्त गुन्ह्यासारखा दिसतो. लालबागच्या आमच्या चाळीत हे सत्य प्रथम दत्ताराम परब यांना उमगले. गिरण्यांच्या संपाला दहावा महिना लागला होता, आणि समाजसेवेची मुख्य पात्रता, म्हणजे मोकळा वेळ, त्यांच्यापाशी मुबलक होती.

त्या ऑक्टोबरात एका सकाळी गिरणीच्या फाटकावर दगडफेक झाली आणि पोलिसांनी आमच्या मजल्यावरचा कोंडीराम शेलार उचलला. कोंडीराम इतका भिडस्त, की कॅरममध्ये दुसऱ्याची सोंगटी चुकून पडली तर माफी मागे. तो जामिनावर सुटला तेव्हा त्याची बायको कमल दत्तारामना म्हणाली, "भावजी, तारखेला ह्यांच्यासोबत कुणी येईल का? एकटे असले की ह्यांचे पाय कापतात."

"मी जातंय," दत्ताराम म्हणाले. सेवा सुरू झाली.

सेवेचे स्वरूप असे: पुकारा झाला की आरोपीला कोपराने ढोसणे, साहेबांसमोर त्याला कान खाजवू न देणे, आणि उरलेला दिवस बाकावर बसणे. (हे शेवटचे वाटते तितके सोपे नाही. बाकाला पाठ नव्हती.)

साडेपाच वर्षांत चाळीस तारखा पडल्या. सतरा वेळा साहेब रजेवर, अकरा वेळा कागद सापडेनात, नऊ वेळा साक्षीदार हवालदार बंदोबस्तावर. तीन वेळा सगळेच हजर होते; पण याची कुणालाच सवय नसल्याने पुढची तारीख देण्यात आली.

दरम्यान गिरणीने कोंडीरामला परत घेतले नाही. वडाळ्याला रखवालदाराची नोकरी जमत आली होती, तिथेही "आधी निकाल लागू दे" म्हणाले. कमलने खानावळीचे डबे सुरू केले. कोंडीराम वाळत गेला. एकदा बाकावर म्हणाला, "दत्ता, मीच दगड मारला म्हणून सांगून टाकू? सुटेन तरी यातून."

"घाबरतंस कित्याक? मी आसंय मा."

एक्केचाळिसाव्या तारखेला हवालदार साक्षीला उभा राहिला. कोंडीरामचे पाय कापत होते, म्हणून दत्ताराम त्याचा दंड धरून शेजारीच उभे होते. दगड मारणारा इसम इथे आहे काय, असे विचारताच हवालदाराने ठामपणे दत्तारामकडे बोट दाखवले. "हाच. हा चेहरा मी विसरणार नाही."

(खरेच होते. इतकी वर्षे तो हाच चेहरा कोर्टात बघत होता.)

"साहेब, मी नुसता सोबतीला आलोय," दत्ताराम म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. दुपारी कोंडीराम निर्दोष सुटला, आणि कोर्टाच्या पायरीवर बसून पोटभर रडला.

चाळीने दत्तारामचा सत्कार केला. शाल दिली, भाषणे झाली. प्रत्येक वक्त्याने अभिमानाने सांगितले, की कोंडीराम निर्दोष आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होते. दगडफेकीच्या वेळी तो आपल्याबरोबर रॉकेलच्या रांगेत होता. रांगेत आम्ही बावीस जण होतो. मी त्याच्या मागेच होतो.

"मग कोर्टात सांगूक का नाय इलात?" दत्तारामनी विचारले. रागाने नाही, त्यांना खरोखरच कळत नव्हते.

तेवढ्यात पोहे आले.

तुम्ही आमच्याकडे असे बघू नका. तुमच्याही जिन्यावर कुणाची तरी केस चालू आहे, आणि त्या दिवशी तो कुठे होता हे तुम्हाला चांगले माहीत आहे. घ्या, पोहे गार होतील.