मास्तर चहाला थांबत नाहीत

नवी सायकल बाहेरच्या खोलीत आली तेव्हा सोफा भिंतीला चिकटला, टीपॉय गॅलरीत गेला आणि टेलर मास्तरांच्या बायकोला स्वयंपाकघरात जाताना अंग चोरून जावं लागलं.

"केवढी ही! सायकल आणलीत की घोडा?"

"माउंटन बाइक आहे. अशीच असते."

"आपल्याकडे माउंटन कुठंय?"

"रस्त्यात खड्डे आहेत ना, तेच उलटे धरायचे."

"बरं, बसून दाखवा बघू."

"आत्ता नको. टायरला जरा घराची सवय होऊ दे," मास्तर म्हणाले आणि उगाचच घंटी पुसायला लागले.

खरी गोष्ट अशी होती, की मास्तर त्या सायकलवर अजून बसलेच नव्हते. दुकानातून घरापर्यंत त्यांनी ती हाताने ढकलत आणली होती. सायकल घ्यायचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं ते मेव्हण्याने. मेव्हणा दर रविवारी सकाळी एका टोळीबरोबर सायकल मारायला जायचा आणि दुपारी बहिणीकडे जेवायला येऊन त्या सायकलीचं पुराण लावायचा. "भाऊजी, माणूस बसून बसून संपतो," असं तो एकदा मास्तरांच्या पोटाकडे बघून म्हणाला. शिलाई मशीनवर बसून ज्याचा संसार उभा राहिला त्या माणसाला हे वाक्य लागणारच.

दोघं मिळून दुकानात गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "उंची किती, साहेब?"

मेव्हणा शेजारी उभा होता. तो सहा फूट. मास्तर पाच फूट चार इंच, तेही केस विंचरलेले नसले तर.

"पाच आठ," मास्तर म्हणाले.

दुकानदाराने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. नजरेला फार प्रवास पडला नाही. "मीडियम फ्रेम घ्या. सोपी जाईल. लेडीजसुद्धा हीच नेतात."

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं.

"लार्ज दाखवा," मास्तर म्हणाले.

"बसून बघता?"

"बघायचंय काय त्यात? माप ओळखणं हा माझा धंदा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्त्यावर कुणी नाही असं पाहून, मास्तरांनी सायकल बिल्डिंगच्या पायरीला लावली, पायरीवरून टांग टाकली आणि निघाले. सायकल काय पळाली म्हणता! वारा कानात शिरला, पोट आत गेल्यासारखं वाटलं, लहानपण आठवलं. कोपऱ्यावर आल्यावर मास्तरांनी ब्रेक दाबला, पाय खाली सोडला, आणि पाय खाली जातच राहिला. जमीन काही येईना.

सुदैवाने विजेचा खांब आला. मास्तरांनी त्याला मिठी मारली.

सीट पार खाली करून झाली, जाड तळव्याचे बूट घालून झाले. पण आडवी दांडीच उंच, तिला काय करणार? कापड असतं तर दोन इंच आत घेतलं असतं. चालत्या सायकलवरून उडी मारून उतरायचंही त्यांनी एकदा करून पाहिलं. मास्तर उतरले, सायकल उतरली नाही. ती एकटीच पुढे जाऊन कुणाच्या तरी कुंड्यांमध्ये शिरली. तेव्हापासून मास्तरांनी नियम केला, की खांब, भिंत, कठडा किंवा उभा ट्रक असल्याशिवाय थांबायचं नाही. आठवड्याभरात अख्ख्या भागातले खांब त्यांना तोंडपाठ झाले.

रविवारी मेव्हणा दारात हजर. "चला भाऊजी, टोळी वाट बघतेय."

टोळीत पाच-सहा जण. त्यातले मुख्य म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारे गोल चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. शिवाय शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई होत्या. त्यांच्या सायकलला पुढे टोपली होती आणि त्या सगळ्यांच्या मागून सावकाश येत. टोळीचा रिवाज असा, की गावाबाहेरच्या मोठ्या चढाआधी चहाच्या टपरीवर थांबायचं, चहा प्यायचा, मग चढायचं.

टपरी आली. सगळे थांबले. मास्तरांनी भोवती पाहिलं. मोकळं मैदान. खांब नाही, भिंत नाही, टपरीचे बांबू धरावेत तर टपरीच अंगावर यायची.

"मास्तर, चहा!" चष्मेवाले ओरडले.

"तुम्ही घ्या! मी होतो पुढे!" मास्तर ओरडले आणि थेट चढाला लागले.

चढावर छाती फुटायची वेळ आली. पण थांबलं तर पडायचं, हे पक्कं माहीत असल्याने मास्तर थांबले नाहीत. जिथे मेव्हणा दर खेपेला दोनदा उतरायचा तो चढ ते एका दमात चढून गेले आणि वर असलेल्या पडक्या चौकीच्या भिंतीला धरून उभे राहिले. आपण कुठे आलो हेसुद्धा त्यांना क्षणभर कळेना. टोळी मागून आली तेव्हा ते एक हात भिंतीवर टेकवून असे काही आरामात उभे होते, की जणू भिंतीलाच आधार देत आहेत.

"मानलं!" चष्मेवाले धापा टाकत म्हणाले. "चहाला थांबला नाहीत, चढाला थांबला नाहीत. कसं जमतं हो?"

इथे खरं सांगता आलं असतं. पण मेव्हणा त्यांच्याकडे जन्मात पहिल्यांदाच मान वर करून बघत होता, आणि तेसुद्धा मास्तर अजून सायकलवरून उतरलेले नव्हते म्हणून.

"फ्रेम," मास्तर म्हणाले. "सगळी फ्रेमची कमाल. फ्रेम मोठी घेतली की चढ लहान दिसतो."

हे वाक्य टोळीत मंत्रासारखं फिरलं. पुढच्या रविवारी मास्तर पुन्हा थांबले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. टपरीवरून जाताना आल्याचा वास नाकात शिरायचा, जीव कासावीस व्हायचा, पण पाय फिरत राहायचे. मेव्हणा जेवताना आता सायकलीचं पुराण सोडून भाऊजींचं पुराण लावायचा. बायको शेजारणीला जिन्यात थांबवून सांगायची, "आमचे हे चहालासुद्धा थांबत नाहीत हो!" ज्या माणसाला घरी दिवसातून सहा वेळा चहा लागतो त्याच्याबद्दल ती हे बोलत होती, आणि डोळ्यांत असा अभिमान, की मास्तर तिला काही सांगायला तोंड उघडत आणि पुन्हा मिटत.

मग एक दिवस चष्मेवाल्यांनी जुनी सायकल पुतण्याला देऊन टाकली आणि लार्ज घेतली. त्यांचं पाहून टोळीतल्या आणखी तिघांनी घेतली. दुकानदाराने कुणालाही काहीही विचारलं नाही. उंचीसुद्धा नाही. आणि एक चमत्कार घडला. आता टपरीवर कुणीच थांबेना! "चहाने अंग जड होतं," चष्मेवाले जाता जाता ओरडले. टपरीवाला किटली हातात धरून बघत राहिला. थांबणारी माणसं दोनच उरली: मेव्हणा, कारण त्याचे पाय पोचत होते, आणि हेडबाई, कारण त्यांना चहा आवडत होता.

असंच चाललं असतं. पण एका रविवारी चष्मेवाल्यांनी टूम काढली, की आज चढ चढून पलीकडे उतरू या. पलीकडचा उतार सरळ, गुळगुळीत, झकास. लार्जवाले पाचही जण वाऱ्यासारखे सुटले. उतार संपला तिथे रेल्वेचं फाटक होतं, आणि ते बंद होतं.

मास्तर सगळ्यांत पुढे होते. त्यांनी दोन्ही ब्रेक आवळले, डावीकडून गेले आणि फाटकाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरला. सुटलो, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात शेजारी येऊन कुणीतरी दांडा धरला. मग आणखी एकाने. पाहतात तो पाचही जण दांड्याला धरून ओळीने उभे, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे. आणि प्रत्येक जण गाडी बघायला आल्याचा आव आणून रुळांकडे बघतोय. चष्मेवाले सगळ्यांत शेवटी, दांड्याच्या टोकाला.

मालगाडी गेली. भरपूर लांब होती, तरी कुणाला ती लांब वाटली नाही.

"चला, हात सोडा!" फाटकवाला केबिनमधून ओरडला. "फाटक उघडायचंय."

कुणी हात सोडला नाही.

"अहो सायकलवाले! ऐकू येतं का?"

"येतं ना," मास्तर म्हणाले. "आधी मागच्या गाड्या जाऊ द्या. आम्हाला घाई नाही."

"फाटक उघडल्याशिवाय गाड्या जातील कशा?"

मागे ट्रक, टेम्पो, एक बस, सगळ्यांचे हॉर्न सुरू झाले. फाटकवाल्याने कपाळावर हात मारला आणि हँडल फिरवायला घेतलं. दांडा टोकाकडून वर निघाला. चष्मेवाले आधी पेडलवर चवडे रोवून उठले, मग हात उंच करून ताठ झाले, मग त्यांच्या हातातून दांडा सुटला आणि ते डावीकडच्या माणसावर कलंडले. तो त्याच्या डावीकडच्यावर. मास्तरांनी हे संकट आपल्याकडे येताना पूर्ण पाहिलं, पण करण्यासारखं काही नव्हतं. शेवटी पाच माणसं आणि पाच सायकली यांचा एकच ढीग रस्त्याच्या कडेला पडला आणि बाजूने बसमधले सगळे प्रवासी खिडक्यांशी येऊन तो पाहत गेले.

लागलं कुणाला फारसं नव्हतं. मेव्हणा मागून आला, पाय टेकून उभा राहिला आणि ढिगातून भाऊजी शोधून काढले. हेडबाईही पोचल्या.

"काय रे, काय चाललंय?" त्यांनी चष्मेवाल्यांना विचारलं. चष्मेवाले लहानपणी त्यांच्या वर्गात होते. "सगळे एकदम कसे पडलात?"

मास्तरांचं कोपर खरचटलं होतं, पण त्याहून खोटं बोललेलं जास्त ठणकत होतं. त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझे पाय पोचत नाहीत."

"कशाला?"

"जमिनीला. पहिल्या दिवसापासून. माझी उंची पाच चार आहे."

"म्हणजे तुम्ही चहाला थांबत नव्हता ते…" चष्मेवाले उठून बसले.

"मला चहा हवा असायचा हो!" मास्तर कळवळून म्हणाले. "पण उतरू कसा?"

"आणि मोठ्या फ्रेमवर चढ लहान दिसतो ते?"

"तुम्ही विचारलंत, मग काहीतरी सांगायला नको?"

चष्मेवाल्यांनी एक मोठा श्वास घेतला. आता हा माणूस भांडणार असं सगळ्यांना वाटलं. "मी पाच तीन," ते म्हणाले. मग बाकीचे तिघेही एकेक करत आपापले इंच खाली उतरवायला लागले. एकाने तर सांगितलं, की गेले दोन रविवार तो घरी पोचला की बायकोला हाक मारतो आणि ती येईपर्यंत अंगणात गोल गोल फिरत राहतो. तिथून असं हसू सुटलं, की फाटकवालाही केबिनबाहेर येऊन हसायला लागला.

"बाई, तुम्ही मात्र शहाण्या," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "तुमची सायकल काय विचार करून निवडलीत?"

"मी कुठली निवडते? सुनेची आहे. तिला रंग आवडला नाही."

घरी आल्यावर मास्तरांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने कोपराला औषध लावत शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "आता शेजारी मात्र सांगू नका. मी खूप पुढे गेलेय."

सोमवारी पाच जण दुकानात गेले. दुकानदार कटकट करेल असं वाटलं होतं, पण त्याने हसत हसत पाचही लार्ज ठेवून घेतल्या आणि पाच मीडियम काढून दिल्या. मास्तर दुकानातच मीडियमवर बसले. दोन्ही पाय फरशीवर टेकले तेव्हा त्यांना आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. त्या रविवारी टोळी टपरीवर थांबली ती तासभर थांबली. पुढे चढावर अर्ध्यातच मास्तरांनी पाय टेकला, मग सगळ्यांनीच टेकला, आणि चढ आहे तेवढाच मोठा दिसला.

काही दिवसांनी मास्तर ब्रेकची वायर घ्यायला दुकानात गेले तर लार्ज सायकली गायब.

"गेल्या!" दुकानदार खुशीत म्हणाला. "स्टेशनमागे बेकरी आहे ना, तो बेकरीवाला आणि त्याचे मित्र. म्हणाले, ती टोळी ज्या सायकलींवर चहाला थांबत नाही, त्याच द्या."

"बेकरीवाला? तो तर माझ्यापेक्षा बुटका आहे! तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तुम्हाला बोललो होतो ना, तुम्ही ऐकलंत?"

मास्तर तिथून थेट बेकरीवाल्याच्या घरी गेले. बिचाऱ्याला सावध करायला हवं, हे त्यांनी वाटेत पक्कं ठरवलं होतं. वाक्यंही जुळवून ठेवली होती. दार बेकरीवाल्याच्या बायकोने उघडलं. मागे बाहेरच्या खोलीत सायकल उभी होती आणि तिच्याजवळ बेकरीवाला, हँडलच्या जरासा वर.

"या, या मास्तर! तुमच्यामुळेच हो," बायको कौतुकाने म्हणाली. "आमचे हे आता कुठ्ठे म्हणून थांबत नाहीत. सासरी, माहेरी सगळ्यांना कळवलंय मी."

मास्तरांनी एकदा सायकलकडे, एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "छान," ते म्हणाले. "फ्रेम छान निवडलीत. एवढंच सांगायला आलो होतो."

"बसा, पाणी आणते," म्हणत ती आत गेली.

ती आत गेल्याबरोबर बेकरीवाल्याने पडदा नीट सारला, मास्तरांजवळ आला आणि त्यांच्या कानाशी लागून विचारलं,

"मास्तर, एक सांगाल? तुम्ही उतरायचात कसे?"