चाळीसपाने आणि सासऱ्यांचा पूल

"ह्या वेळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार! अक्षर न् अक्षर!" असं चाळीसपान्यांनी जाहीर केलं, तेव्हा बायकोच्या हातातली कपबशी पडता पडता राहिली.

चाळीसपाने हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वर्तमानपत्राच्या कचेरीत पडलेलं नाव ते. कादंबरी असो, इतिहास असो, प्रवासवर्णन असो की भुताखेतांच्या गोष्टी, हे गृहस्थ पहिली चाळीस पानं वाचायचे, शेवटच्या पानावर नजर टाकायचे आणि रविवारच्या पुरवणीत असं परीक्षण ठोकायचे की लेखकालाही वाटावं, अरे, एवढं सगळं लिहिलं होतं आपण?

पण ह्या वेळचं पुस्तक सासऱ्यांचं होतं.

सासरे म्हणजे इतिहासाचे निवृत्त मास्तर. नदीवरच्या जुन्या पुलाचा इतिहास लिहिण्यात त्यांनी सगळी निवृत्ती घालवली होती. जावयाला मात्र त्यांनी लग्नापासून कधी माणसांत धरलं नाही. "बरं चाललंय ना?" एवढं विचारायचे आणि उत्तराची वाटही बघायचे नाहीत. परीक्षण मनासारखं उतरलं तर सासरे आपल्याशी दोन शब्द धड बोलतील, एवढीच चाळीसपान्यांची आशा. बायकोने तर सरळ तंबीच दिली होती. "अहो, बाबांच्या पुस्तकाला तुमची ती चालूगिरी चालायची नाही. सांगून ठेवते!"

त्यातच संपादकांनी टूम काढली. त्याच पुलावर एका तरुण लेखकाची कादंबरी आली होती. "दोन्ही एकाच लेखात घ्या. एक इतिहास, एक कादंबरी. मजा येईल!"

मजा!

आता, चाळीसपान्यांना पुस्तकावर चहाचा कप ठेवायची खोड. म्हणून घरात पुस्तक आलं की बायको आधी त्याला खाकी कागदाचं कव्हर घालायची. कसं? तर भरपूर खळ लावून, मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि सुरुवातीची दोन-चार पानं सगळी एकजीव! वर पांढरं लेबल. ह्या वेळी दोन्ही पुस्तकं सारख्याच जाडीची. कव्हरं झाली, लेबलं लिहून झाली आणि चिकटवायच्या नेमक्या वेळी बाबांचा फोन. "परीक्षण आलं का गं छापून?" बाबांची समजूत घालता घालता तिने 'इतिहास' कादंबरीवर चिकटवलं आणि 'कादंबरी' इतिहासावर. वडिलांचं पुस्तक तिने तरी उघडून पाहिलं होतं का, ते आपण विचारायला नको.

चाळीसपान्यांनी मात्र खरोखर वाचलं हो! जेवताना वाचलं, दाढी करताना वाचलं, कचेरीच्या जिन्यात वाचता वाचता शिपायावर जाऊन आदळले. 'इतिहास' वाचून तर ते थक्क झाले. पानोपानी सरकारी कागद, तारखा, तळटीपा! तरुण लेखकाने नव्या धर्तीवर आख्खी कादंबरीच कागदपत्रांची रचली होती, हे ह्यांना काय ठाऊक! इंजिनिअर आणि पलीकडच्या काठावरची शिंपीण यांची प्रेमपत्रं वाचून त्यांनी डोळे पुसले. "काय शोध घेतलाय बाबांनी!"

मग 'कादंबरी' उघडली आणि त्यांचं डोकंच फिरलं. पुलाचा पहिला कंत्राटदार पळून जातो. दुसरा पळतो. तिसरा पळतो तो दुसऱ्याच्या बायकोला घेऊन! उद्घाटनाच्या दिवशी पूल कोसळतो आणि बँडवाले छातीएवढ्या पाण्यात उभे राहून वाजवतच राहतात!

"वाचकाला खुळा समजतो का हा पोरगा?" चाळीसपाने कडाडले आणि लिहायला बसले.

रविवारी छापून आलं. इतिहासाची तोंड फाटेस्तोवर स्तुती. प्रेमपत्रांचा शोध म्हणजे तर कळस! कादंबरीबद्दल मात्र, 'थापा माराव्यात, पण बेताने. पाण्यातला बँड शेंबड्या पोरालाही पटणार नाही. लेखकाने लेखणी खाली ठेवून एखादा उपयोगाचा धंदा बघावा.'

पहिला फोन संपादकांचा. "अहो, लोक ती प्रेमपत्रं मागतायत! प्राध्यापक म्हणतात, पुस्तकात नाहीतच!"

"असतील हो! नीट बघायला सांगा त्यांना!"

दुसरा फोन तरुण लेखकाचा. तो रडत होता. "साहेब, माझ्या कादंबरीत बँड नाहीच आहे हो!"

चाळीसपान्यांनी सुरी घेऊन कव्हर खरवडलं. 'कादंबरी'च्या खालून सासऱ्यांचं नाव निघालं.

"अगं, हे लेबल..."

"म्हणजे बाबांना धंदा बघायला सांगितलंत तुम्ही?"

"पण लेबल कुणी लावलं?"

"आणि शेवटपर्यंत वाचून कळलं नाही तुम्हाला?"

तिसरा फोन आलाच नाही. सासरे स्वतःच आले, एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात जडशी पिशवी. बसले. लेकीकडे पाहिलंही नाही.

"जावईबापू, एकच सांगा. माझं पुस्तक वाचलंत का?"

नाही म्हणावं, तर जन्माची नाचक्की. हो म्हणावं, तर त्याहून वाईट! आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक इमानदारीने पुरं केलं आणि तेच सांगायची चोरी. धरणीमाते, पोटात घे, असं झालं चाळीसपान्यांना.

"वाचलं, बाबा," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "लेबलं बदलली होती. ज्याला झोडपलं, ते... ते तुमचं."

बायको पदर डोळ्यांना लावून आत निघून गेली. सासऱ्यांनी हातातलं वर्तमानपत्र उघडलं.

"बँड पटला नाही तुम्हाला?"

"नाही."

"आणि कंत्राटदार?"

"तीन म्हणजे... जरा जास्तच झाले, बाबा."

"तीनच होते. कागद आहेत माझ्याकडे." सासऱ्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. "पण तो बँड... तेवढा मी पदरचा घातला. प्रकरण फार कोरडं होत होतं हो! चार विद्वानांनी हस्तलिखित तपासलं, एकानेही ओळखलं नाही. तुम्ही ओळखलंत!"

आणि त्यांनी चक्क जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. चाळीसपान्यांचा ऊर भरून आला. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. संपादक. पुढच्या रविवारपासून परीक्षणाच्या जागी शब्दकोडं.

"सदर गेलं, बाबा," चाळीसपाने मटकन बसले. "संपलं सगळं."

"उत्तम झालं!" सासरे खुलले. "म्हणजे रविवार मोकळा तुमचा. आता माझं धरणावर लिहिणं चाललंय. दर रविवारी सकाळी यायचं. मी वाचणार, तुम्ही ऐकायचं. पदरचं काही वाटलं की हात वर करायचा. तुमच्यासारखा दुसरा माणूस नाही मला!" त्यांनी पिशवी जावयाच्या मांडीवर ठेवली. मांडीला कळ लागली.

"एवढं मोठं पुस्तक?" चाळीसपान्यांनी बसक्या आवाजात विचारलं.

"छे हो," सासरे म्हणाले. "ही नुसती प्रस्तावना."