बाबांनी तोंड उघडलं तेवढं

"डीव्हीडी राइट झाल्यावर जरा तपासून घ्या हो," लिसिआतेची बायको, मेलेआने, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"व्हेरिफाय लावलं की दुप्पट वेळ जातो. विमानाची वेळ झाली. ताईची डीव्हीडी आत्ता ऑकलंडला जाणाऱ्या टोपलीत पडायला हवी," म्हणत लिसिआतेने पडद्यावर ‘व्हेरिफाय’समोरच्या चौकोनातली खूण काढून टाकली. टोंगातल्या त्या गावात कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बाळगणारा तो एकटाच. त्यामुळे सल्ले त्याला मानवत नसत.

डीव्हीडीत मे महिन्यातला मुलांचा रविवार होता. त्या दिवशी गावातली पोरं नवे कपडे घालून चर्चमध्ये बायबलमधली वचनं तोंडपाठ म्हणतात. लिसिआतेची लुपे सगळ्यांत शेवटी उभी राहिली, दोन शब्द बोलली आणि गप्पच झाली. तेवढ्यात पहिल्या बाकावरून तिच्या आजोबांनी उरलेलं वचन खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून म्हाताऱ्याच्या तोंडून कुणी शब्द ऐकला नव्हता. चर्च आधी हसलं, मग रडलं.

ही बातमी फोनवर कळल्यापासून ऑकलंडच्या अकोसिताताईला बाबांचा आवाज ऐकायचा होता. विमानात बसायला डॉक्टरांनी तिला मनाई केली होती. त्यात टोंगात बापाची बहीण म्हणजे पोरांच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय. लुपेच्या आत्याला नाही म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

लिसिआतेने डीव्हीडी धाडली, कॉम्प्युटरवरचं चित्रण पुसून जागा केली आणि कॅमेऱ्यातल्या त्याच टेपवर मेव्हण्याचं लग्न उतरवलं.

रविवारी ताईचा फोन आला.

"हॉलभर माणसं जमवली, डुक्कर भाजलं. लुपे गप्प झाली, बाबांनी तोंड उघडलं आणि चित्र तिथंच थिजलं! पुढं काहीच नाही रे!"

"प्लेअर खराब असेल, ताई."

"तीन प्लेअर बदलले. आता तुझं डोकं बदलू का?"

गावात वाटलेल्या डीव्हीडी त्याने धावत जाऊन गोळा केल्या. शेवटाला सगळ्यांची तीच गत होती. दोन घटका थांबलो असतो तर, असं त्याला जेवताना वाटे, झोपताना वाटे.

शेवटी पुन्हा एकदा तो रविवार करायचं ठरलं. पाद्रीबाबांनी चर्च उघडून दिलं, शेजारणी नटून बाकांवर बसल्या, आजोबांना पहिल्या बाकावर बसवलं. लिसिआते लुपेसमोर गुडघ्यांवर बसला.

"बाळा, दोन शब्द म्हण आणि विसर."

"मला आता सगळं येतं!"

"येऊ दे. पण विसर."

"त्या दिवशी विसरले तर तूच ओरडलास. आणि देवाच्या वचनात मुद्दाम चूक करायची नसते, हो ना, पाद्रीबाबा?"

पाद्रीबाबांनी छताकडे बघितलं. लुपे उभी राहिली आणि तिने अख्खं वचन घडाघडा म्हणून दाखवलं. लिसिआतेने हात जोडले, डोळे मोठे केले, तशी तिने पुढचंही वचन म्हटलं. आजोबा कौतुकाने मान डोलवत ऐकत राहिले. अडलंच नाही, तर ते बोलणार कशाला?

घरी येऊन त्याने चौकोनात खूण केली आणि यंत्राचं घरघरणं थांबेपर्यंत जागचा हलला नाही. एकही चूक नाही, असं पडद्यावर उमटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चूक हवी होती.

डीव्हीडी पोचल्यावर ताईचा फोन आला.

"चित्र स्वच्छ आहे. पोरगी गोड बोलते. आणि बाबा?"

"ऐकत होते, ताई," लिसिआतेला हुंदका आवरेना. "मीच मूर्ख. दुसरी धाडतो, लुपेला समजावतो..."

"राहू दे. ही पोरीसाठी ठेवते," ताई म्हणाली. "मी रोज ती बिघडलेलीच लावते. तिच्यात बाबांनी निदान तोंड तरी उघडलंय."